लिनक्स क्लस्टरची खरेदी : पुरवठादाराची पारख कशी करावी?

पावसाचा अंदाज जिल्ह्याच्या वा तालुक्याच्या ठिकाणी न थांबता ग्रामपंचायतीपर्यंत पोचावा, असा प्रयत्न आपल्या देशात चालू आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने विकसित केलेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' ही प्रणाली २६ मे २०२५ रोजी कार्यान्वित झाली. पूर्वीचे अंदाज बारा किलोमीटर अंतरावरील बिंदूंच्या जाळ्यावर बेतलेले असत. या प्रणालीत ते अंतर सहा किलोमीटरवर आले आहे. जाळे असे बारीक झाले की आकडेमोड कितीतरी पटींनी वाढते. ती पेलण्यासाठी संस्थेत 'अर्का' हा महासंगणक बसविण्यात आला असून त्याची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप आहे. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्ये इतक्या आकडेमोडी.

'अर्का'सारखी यंत्रे देशात मोजकीच असणार. परंतु ज्या तत्त्वावर ती चालतात त्याच तत्त्वावरील आठ, सोळा किंवा बत्तीस संगणकांचे लहान समूह आज विद्यापीठे, अभियांत्रिकी महाविद्यालये, कृषी संशोधन केंद्रे आणि शासकीय कार्यालये यांतून घेतले जात आहेत. या खरेदीच्या समितीवर संगणकाचे तज्ज्ञ असतातच असे नाही. प्राचार्य, लेखाधिकारी, भांडारपाल आणि एखादा विषयशिक्षक अशी मंडळी एकत्र बसून पन्नास लाखांचा किंवा कोटीचा निर्णय घेतात. त्यांच्यापुढे दरपत्रके येतात आणि त्यांतला सर्वांत कमी आकडा साहजिकच डोळ्यांत भरतो.

प्रस्तुत लेखाचे सांगणे एवढेच की, अशा खरेदीत आपण केवळ लोखंडी पेट्या विकत घेत नसतो. पुढील पाच वर्षे त्या पेट्या चालत्या ठेवण्याची जबाबदारी कोणावर तरी सोपवीत असतो. तेव्हा पारख यंत्राची करावयाची, तितकीच ती पुरविणाऱ्याचीही करावयाची. आणि ही पारख दर उघडल्यावर नव्हे, तर निविदा लिहितानाच झाली पाहिजे.

क्लस्टर म्हणजे काय?

एका बलदंड बैलाऐवजी दहा साधे बैल जुंपून नांगर ओढावा, तशी ही कल्पना आहे. १९९४ साली अमेरिकेच्या नासा या संस्थेच्या गॉडर्ड केंद्रात टॉमस स्टर्लिंग व डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणारे सोळा साधे संगणक इथरनेटच्या तारांनी जोडले आणि त्यांच्याकडून एकच गणित वाटून करवून घेतले. त्या जोडणीला 'बेओवुल्फ' असे नाव होते. तिच्यावर लिनक्स ही कार्यप्रणाली चालत असे. १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने आरंभ केलेली ही प्रणाली कोणालाही विनामूल्य घेता येते, उघडून पाहता येते आणि गरजेप्रमाणे बदलता येते. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील पाचशे सर्वाधिक वेगवान संगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालत आले आहे, ही गोष्ट तिच्या स्वीकाराविषयी पुरेशी बोलकी आहे.

समूहातील प्रत्येक संगणकाला 'नोड' म्हणतात. हे नोड १९ इंच रुंदीच्या लोखंडी मांडणीत, म्हणजे 'रॅक'मध्ये, एकावर एक बसविलेले असतात. रॅकमधील उंची 'यू' या मापाने मोजतात. एक यू म्हणजे १.७५ इंच. सर्वसाधारण मोठा रॅक ४२ यू उंचीचा असतो. याशिवाय नोडना परस्परांशी जोडणारा स्विच, सर्वांनी मिळून वापरावयाचा साठा, विजेचे वितरण, अखंड वीजपुरवठ्याची यूपीएस यंत्रणा आणि वातानुकूलन ही क्लस्टरची अंगेच होत. नोड एकाचे, स्विच दुसऱ्याचा आणि साठा तिसऱ्याचा असे घडले, तर बिघाड झाल्यावर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवितो. संपूर्ण जुळणीची जबाबदारी एकाच पुरवठादाराने लेखी स्वीकारावी, ही म्हणूनच पहिली अट असली पाहिजे.

आधी काम, मग यंत्र

पुरवठादाराला बोलावण्यापूर्वी संस्थेने स्वतःला एक प्रश्न विचारावा : या यंत्रावर नेमके कोणते काम होणार आहे? कार्यालयातील नोंदी, हजेरी, निकाल आणि संकेतस्थळ सांभाळावयाचे असेल, तर एक-दोन चांगले रॅक सर्व्हर पुरतात. क्लस्टरचे कारणच नाही. उलट हवामान, धरणातील पाण्याचा प्रवाह, औषधांचे रेणू, पिकांची जनुके किंवा इमारतींवरील भार यांची गणिते करावयाची असतील, तर क्लस्टरचा उपयोग होतो.

तेथेही सर्व कामांची भूक सारखी नसते. काही कामांत एका नोडला दुसऱ्याशी क्षणोक्षणी बोलावे लागते. अशा ठिकाणी इन्फिनिबँडसारखी वेगवान व महाग जोडणी लागते. काही कामे स्वतंत्र तुकड्यांत वाटता येतात. त्यांना साधे इथरनेट पुरते आणि जोडणीवरचा पैसा नोडवर खर्च करता येतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामांना जीपीयू लागतात, तर जनुकांच्या कामांना बहुधा भरपूर स्मृती आणि वेगवान साठा लागतो.

नोडची संख्या वाढविली म्हणजे वेग त्याच प्रमाणात वाढतो, हाही एक सार्वत्रिक गैरसमज आहे. जीन ॲमडाल यांनी १९६७ साली मांडलेला नियम येथे उपयोगी पडतो. समजा, एखाद्या कामाचा दहावा हिस्सा एकामागून एक असाच करावा लागतो, तो वाटता येत नाही. मग आठ नोडवर ते काम ४.७ पट वेगाने होईल आणि सोळा नोडवर ६.४ पट वेगाने. नोड दुप्पट झाले, खर्च जवळजवळ दुप्पट झाला, परंतु वेग दीडपटही झाला नाही. आणि नोड कितीही वाढविले तरी दहा पटींची मर्यादा ओलांडली जाणार नाही. जो पुरवठादार 'आणखी आठ नोड घ्या' असे सांगण्यापूर्वी 'आपला प्रोग्रॅम कोणता?' असे विचारतो, तो पुढील बोलणी करण्यास योग्य समजावा.

पुरवठादार तीन प्रकारचे

बाजारात ढोबळमानाने तीन प्रकारचे पुरवठादार आढळतात. पहिले, डेल, एचपीई, लेनोव्हो यांच्यासारखे मोठे उत्पादक. त्यांचे सुटे भाग व सेवेची व्यवस्था विस्तृत असते, परंतु लहान ग्राहकाशी त्यांचा संबंध बहुधा विक्रेत्यामार्फतच येतो. दुसरे, सुपरमायक्रोसारख्या उत्पादकांचे साचे व भाग घेऊन मागणीप्रमाणे यंत्र जुळवून देणारे. त्यांच्याकडे किंमत कमी पडते व गरजेप्रमाणे बदल करून मिळतात. मात्र सेवेची सारी भिस्त त्या एका आस्थापनेच्या तब्येतीवर असते. तिसरे, यंत्रे इतरांची घेऊन संपूर्ण जुळणी, कार्यप्रणाली, कामांचे वाटप करणारे सॉफ्टवेअर आणि प्रशिक्षण यांचा मक्ता घेणारे. ज्या संस्थेत लिनक्स जाणणारा माणूस नाही, तिला हा तिसरा प्रकार सोयीचा. जेथे असा माणूस आहे, तेथे पहिला किंवा दुसरा प्रकार स्वस्त पडतो.

यांपैकी कोणताही प्रकार मुळात चांगला किंवा वाईट नाही. यंत्र नीट न चालल्यास मध्यरात्री कोणाला दूरध्वनी करावयाचा आणि तो माणूस लिनक्स जाणतो की केवळ तक्रार नोंदवून घेतो, याचे उत्तर प्रत्येकाकडून घ्यावे. पुरवठादाराने यापूर्वी दिलेल्या तीन संस्थांची नावे मागावीत आणि त्यांपैकी निदान एका ठिकाणी समक्ष जावे. तेथे विक्रेत्याच्या माणसाशी नव्हे, तर यंत्र रोज वापरणाऱ्याशी बोलावे. गेल्या वर्षात किती वेळा भाग निकामी झाले, ते किती दिवसांत बदलून मिळाले आणि आज किती नोड बंद आहेत, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत.

कोणत्या गुणांवर तडजोड नसावी?

घरगुती संगणक आणि रॅक सर्व्हर यांतील फरक बाहेरून दिसत नाही. तो काही मोजक्या गुणांत असतो. चूक शोधून ती आपोआप दुरुस्त करणारी 'ईसीसी' स्मृती, एक बंद पडल्यास दुसरा भार उचलील असे दोन वीजपुरवठा-संच, यंत्र चालू असतानाच बदलता येणाऱ्या डिस्क आणि नोड बंद असला तरी दुरून चालू करता येईल असे नियंत्रण, हे ते गुण होत.

यांतील पहिल्या गुणाचे महत्त्व सांगणारे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने २००३ साली ॲपलचे ११०० मेज-संगणक जोडून एक क्लस्टर उभारला. तो लिनक्सवर चालत नव्हता, पण त्याचा धडा सर्वांना लागू आहे. त्या वर्षीच्या जागतिक यादीत त्याने तिसरा क्रमांक पटकावला आणि कमी खर्चात एवढा वेग कसा मिळाला याची चर्चा झाली. परंतु त्या संगणकांत ईसीसी स्मृतीची सोय नव्हती. अकराशे यंत्रे दिवसचे दिवस एकच गणित करीत असता स्मृतीतील एखादा अंक आपोआप पालटण्याची शक्यता दुर्लक्ष करण्याजोगी राहत नाही, आणि चूक कोठे झाली हे कळतही नाही. पुढील वर्षी विद्यापीठाला ते सारे संगणक काढून ईसीसी स्मृती असलेले रॅक सर्व्हर बसवावे लागले. यादीतील क्रमांक आणि भरवशाचे उत्तर या दोन भिन्न गोष्टी आहेत.

'लिनक्स चालते' एवढ्या मोघम शब्दांवरही विसंबू नये. कोणत्या लिनक्सची कोणती आवृत्ती, जोडणीपत्र व डिस्क-नियंत्रक यांचे चालक-प्रोग्रॅम लिनक्सच्या मूळ गाभ्यात आहेत की उत्पादकाकडून वेगळे घ्यावे लागतात, दूरनियंत्रणाच्या सर्व सोयी मूळ किमतीत आहेत की त्यांचा परवाना निराळा, हे लेखी मागावे. परवान्याचा हा खर्च दरपत्रकाच्या पहिल्या पानावर क्वचितच दिसतो.

हमी कोणती आणि कोठपर्यंत?

दरपत्रकावर 'तीन वर्षे हमी' असे तीन शब्द असतात. त्यांचा अर्थ मात्र निरनिराळा निघू शकतो. भाग बदलून मिळणार, पण तो बसविणार कोण? 'दुसऱ्या कामाच्या दिवशी सेवा' असे म्हटले, तर ती पुण्या-मुंबईत की गडचिरोली, नंदुरबार आणि सिंधुदुर्गातही? तक्रार नोंदविल्यापासूनचा दुसरा दिवस की दोष निश्चित झाल्यापासूनचा? पुरवठादाराचे सुटे भागांचे भांडार कोणत्या शहरात आहे, तेथून भाग यावयास किती तास लागतात आणि विलंब झाल्यास दंड किती, हे करारात आकड्यांनी लिहिलेले असावे. निकामी डिस्क परत द्यावयाची की संस्थेकडे ठेवावयाची, हेही ठरवून घ्यावे. नागरिकांच्या नोंदी असलेली डिस्क परत जाणे इष्ट नाही.

आणखी एक गोष्ट पुष्कळदा निसटते. हमीची मुदत माल पोचल्याच्या दिवसापासून मोजली जाते. मार्चअखेर अनुदान संपविण्याच्या घाईत खोकी येऊन पडतात. खोलीत तीन फेजची वीज नसते, वातानुकूलनाची निविदा वेगळी निघालेली असते, आणि सहा-आठ महिने यंत्र खोक्यातच राहते. त्या काळात हमी मात्र सरत असते. यास्तव हमी स्वीकृती-चाचणी पार पडल्याच्या दिनांकापासून सुरू होईल अशी अट घालावी आणि खोलीची तयारी खरेदीच्या आदेशापूर्वीच पूर्ण करावी. भरलेल्या रॅकचे वजन कित्येक शे किलो असते. वरच्या मजल्यावर तो ठेवावयाचा असल्यास बांधकाम अभियंत्याचा अभिप्राय घेणे आवश्यक आहे.

उत्पादकांचेही आयुष्य असते

नामांकित कंपनीचे यंत्र घेतले म्हणजे पाच वर्षे निश्चिंती, असे गृहीत धरता येत नाही. कॉम्पॅक २००२ मध्ये एचपीत विलीन झाली. सन मायक्रोसिस्टिम्स २०१० मध्ये ओरॅकलकडे गेली. आयबीएमने आपला एक्स-८६ सर्व्हरांचा व्यवसाय २०१४ मध्ये लेनोव्होला विकला. २०१५ मध्ये एचपीचेच दोन भाग झाले, आणि त्यांपैकी एचपीईने २०१६ मध्ये एसजीआय व २०१९ मध्ये क्रे या कंपन्या घेतल्या. अशा प्रत्येक बदलात सेवेचा पत्ता, दूरध्वनी आणि कधीकधी धोरणही पालटते. हमीची जबाबदारी उत्तराधिकाऱ्यावर बंधनकारक राहील, असे वाक्य करारात असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

सॉफ्टवेअरलाही हेच लागू पडते. सेंटओएस ही विनामूल्य लिनक्स असंख्य क्लस्टरांवर वापरली जात असे. तिच्या आठव्या आवृत्तीला २०२९ पर्यंत आधार मिळेल अशी अपेक्षा होती. परंतु डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले की तो २०२१ च्या अखेरीसच संपेल. सातव्या आवृत्तीचा आधारही ३० जून २०२४ रोजी संपला. ज्या संस्थांचे पुरवठादार जाणते होते, त्यांनी रॉकी किंवा अल्मा या पर्यायी प्रणालींकडे वाट काढली. इतरांना जुन्या, असुरक्षित आवृत्तीवर राहावे लागले.

आपल्या राज्यातील अनुभवही याच दिशेचा आहे. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने १९९१ साली 'परम ८०००' तयार केला, तेव्हा त्यात इनमॉस या ब्रिटिश कंपनीच्या ट्रान्सप्यूटर चिप होत्या. त्या चिपची पुढची पिढी लांबणीवर पडली व अपेक्षित वेग गाठू शकली नाही. परमची परंपरा मात्र खंडित झाली नाही. पुढील यंत्रांत इंटेलचे, मग स्पार्क जातीचे आणि नंतर आयबीएमचे प्रक्रियक आले. चिप बदलल्या, तरी त्या जोडण्याची आणि वापरण्याची विद्या संस्थेच्या हाती राहिली. २६ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनखाली पुणे, दिल्ली व कोलकाता येथे 'परम रुद्र' यंत्रे कार्यान्वित झाली. त्यांतील 'रुद्र' हा सर्व्हर सी-डॅकनेच रचलेला आहे. लहान संस्थेला सर्व्हर घडविता येणार नाही, परंतु तो चालविण्याची विद्या तिला नक्कीच आत्मसात करता येते. यास्तव निदान दोन कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि जुळणीची संपूर्ण लेखी माहिती यांचा समावेश मालाच्या यादीतच करावा.

किंमत आणि खर्च

आता एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजुतीसाठी कल्पिले आहेत. सोळा नोडच्या क्लस्टरसाठी 'अ' आणि 'ब' असे दोन देकार आले. काम दोघांचेही सारखेच होते. 'अ'ची किंमत १ कोटी रुपये असून त्याचा प्रत्येक नोड ५०० वॉट वीज घेतो. हमी तीन वर्षांची, व पुढील दोन वर्षांच्या देखभालीसाठी दरवर्षी ५ लाख रुपये. 'ब'ची किंमत १ कोटी ८ लाख, प्रत्येक नोडला ४२० वॉट, आणि पाच वर्षांची हमी किमतीतच. दर उघडल्यावर 'अ' आठ लाखांनी स्वस्त ठरतो.

परंतु हे यंत्र रात्रंदिवस चालावयाचे आहे. 'अ'चे सोळा नोड मिळून ८ किलोवॉट घेतात. थंडाव्यासाठी त्यावर निम्मी वीज धरली, तर १२ किलोवॉट. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे वर्षाला १,०५,१२० युनिट. युनिटला १० रुपये धरल्यास वर्षाचे बिल १० लाख ५१ हजार, आणि पाच वर्षांचे ५२ लाख ५६ हजार. 'ब'चा भार त्याच हिशेबाने १०.०८ किलोवॉट होतो आणि पाच वर्षांचे बिल ४४ लाख १५ हजार. आता बेरीज करावी. 'अ' : १०० अधिक ५२.५६ अधिक १०, म्हणजे १६२.५६ लाख. 'ब' : १०८ अधिक ४४.१५, म्हणजे १५२.१५ लाख. आठ लाखांनी महाग वाटलेला देकार दहा लाखांहून अधिक स्वस्त ठरला.

थंडाव्याचा हिशेबही याच आकड्यांतून निघतो. यंत्राने घेतलेली जवळजवळ सर्व वीज शेवटी उष्णता होऊन खोलीत उतरते. एक टन वातानुकूलन सुमारे ३.५ किलोवॉट उष्णता बाहेर काढते. म्हणून ८ किलोवॉटसाठी सव्वादोन टनांहून थोडे अधिक, आणि एक संच बंद पडला तरी काम चालेल असा दुसरा संच.

निविदा कशी लिहावी?

शासकीय खरेदीत सर्वांत कमी दराचे तत्त्व आहे आणि ते योग्यच आहे. प्रश्न एवढाच की, कमी कशाचे मोजावयाचे हे कोणी ठरवायचे? ते निविदेनेच ठरवावयाचे असते. पाच वर्षांची वीज व देखभाल धरून येणारी बेरीज हा तुलनेचा पाया राहील असे सूत्र, वापरावयाच्या विजेच्या दरासह, निविदेत आधीच जाहीर केले असेल, तर 'ब'ची निवड नियमाप्रमाणे ठरते. सूत्र आधी जाहीर नसेल, तर दर उघडल्यावर 'ब' चांगला असे म्हणणाऱ्या समितीवर आक्षेप येईल, आणि तो आक्षेप रास्त असेल.

केंद्र शासनाचे २०१७ चे सामान्य वित्तीय नियम सांगतात की, मालाचे वर्णन वस्तुनिष्ठ, कार्याधारित व मोजता येण्याजोगे असावे आणि त्यात विशिष्ट व्यापारचिन्हाची मागणी नसावी. तेव्हा अमुक कंपनीचे अमुक यंत्र असे न लिहिता, किती गाभ्यांचे प्रक्रियक, किती स्मृती, किती वेगाची जोडणी आणि मुख्य म्हणजे कोणते काम किती वेळात, असे लिहावे. दुसऱ्या टोकाला, एखाद्याच्याच माहितीपत्रकातून आकडे उतरवून घेणे हेही नाव न घेता नाव लिहिण्यासारखेच आहे. निविदा प्रसिद्ध करण्यापूर्वी निदान तीन निरनिराळे देकार तिच्या अटींत बसू शकतील याची खात्री करून घ्यावी. तांत्रिक व आर्थिक असे दोन स्वतंत्र लिफाफे असावेत, बोलीपूर्व बैठक घ्यावी आणि तेथे विचारलेल्या शंकांची उत्तरे सर्वांना सारखी कळवावीत. स्थानिक उत्पादनाला प्राधान्य देणारा केंद्राचा २०१७ चा आदेश, 'जेम' या शासकीय ई-बाजारपेठेचे नियम आणि राज्य शासनाचे खरेदीविषयक निर्णय यांपैकी आपल्या संस्थेला काय लागू होते, हे लेखा शाखेकडून आरंभीच तपासून घ्यावे.

स्वीकृतीची चाचणी

सारी पारख शेवटी एका दिवशी सिद्ध व्हावयाची असते. यंत्र उभे राहिल्यावर पुरवठादार लिनपॅक या प्रसिद्ध चाचणीचा आकडा दाखवितो. तो पाहावा, परंतु त्यावर थांबू नये. निविदेसोबतच संस्थेने आपला नेहमीचा एखादा प्रोग्रॅम व नमुन्याची माहिती दिलेली असावी, आणि तो ठरलेल्या वेळात पूर्ण होतो की नाही हे समितीच्या डोळ्यांसमोर पाहावे. त्यानंतर सर्व नोड सलग काही दिवस, निदान तीन अहोरात्र, पूर्ण भाराखाली चालवावेत. कच्चे भाग बहुधा याच काळात उघडे पडतात. मग एका वीजपुरवठा-संचाची तार काढून पाहावी, एक डिस्क काढून नवी बसवावी, एक नोड दुरून बंद करून पुन्हा चालू करावा. कागदावर लिहिलेली प्रत्येक सोय एकदा तरी हाताने पडताळलेली असावी.

रक्कम याच क्रमाने द्यावी. काही हिस्सा माल पोचल्यावर, मोठा हिस्सा स्वीकृती-चाचणी पार पडल्यावर, आणि हमीच्या काळासाठी बँकेची हमी. पूर्ण रक्कम हाती पडल्यानंतर आलेली तक्रार आणि त्यापूर्वी आलेली तक्रार यांना मिळणाऱ्या प्रतिसादात अंतर पडते, हा कोणत्याही व्यवहारातला नित्याचा अनुभव आहे.

समारोप

थोडक्यात सांगावयाचे तर, कामाचे स्वरूप आधी लिहून काढावे, संपूर्ण जुळणीची जबाबदारी एकाकडे द्यावी, सेवेचे वचन आकड्यांत घ्यावे, पाच वर्षांचा खर्च तुलनेचा पाया म्हणून निविदेतच जाहीर करावा आणि आपल्याच कामाने यंत्राची चाचणी घ्यावी. या पाचही गोष्टींना संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. विहिरीसाठी पंप किंवा गावासाठी रोहित्र घेताना जो चौकसपणा पंचायतीचे जाणते सदस्य दाखवितात, तोच येथे लागतो.

सार्वजनिक पैशातून घेतलेले यंत्र बंद पडून राहिले, तर नुकसान केवळ किमतीचे होत नाही. एखाद्या विद्यार्थिनीचा प्रबंध वर्षभर लांबतो, धरणाखालील पुराचे गणित वेळेत हाती येत नाही, आणि पुढच्या वेळी अनुदान मागताना संस्थेचा शब्द हलका पडतो. ज्या खोलीत यंत्राचा मंद आवाज अहोरात्र चालू असतो आणि कामांची रांग पुढे सरकत असते, तेथे खरेदी समितीचे नाव कोणी घेत नाही. समितीने आपले काम चोख केल्याची तीच पावती समजावी.